मनोरुग्णालयात रुग्ण आक्रमक का होतो?

‘डॉक्टर, तिथे त्याला बांधून ठेवतील का?’ आणि ‘तो तिथे कुणावर हात तर टाकणार नाही ना?’ घरातील व्यक्तीला मनोरुग्णालयात दाखल करण्याचा विषय निघाला, की हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. पहिला बहुधा आई विचारते, दुसरा भाऊ. जळगाव-धुळे परिसरात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करताना गेली अनेक वर्षे मी ते ऐकत आलो आहे. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. रुग्ण हात का उगारतो हे उमगले, तर त्याला बांधण्याची वेळ का येते आणि पुष्कळदा ती कशी टाळता येते, हेही उमगते.

मी मनोविकारतज्ज्ञ नव्हे. परंतु रुग्णालयात जाण्याआधीचा आणि तेथून परतल्यानंतरचा रुग्ण आम्हा सामान्य डॉक्टरांच्याच समोर असतो. मधल्या दिवसांत वॉर्डात जे घडते, त्याची बरीचशी मुळे या आधीच्या काळात, म्हणजे तुमच्या-आमच्या घरांत असतात. म्हणूनच हा लेख रुग्णाची काळजी वाहणाऱ्यांसाठी, विशेषतः साठी-सत्तरीच्या उंबरठ्यावर उभे राहून प्रौढ मुलाचे किंवा वृद्ध जोडीदाराचे आजारपण निभावणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार ठिकाणी आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. खानदेशात एकही नाही. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, काही खासगी तज्ज्ञांची लहान रुग्णालयेही आहेत. पण उपचार लांबणार असले किंवा घरच्यांना आवरेनासे झाले, की दूरचा प्रवास ठरलेला. रात्रीची रेल्वे, नाही तर भाड्याची जीप. या प्रवासाकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावे लागेल.

आधी भीतीचे खरे आकारमान पाहू. तीव्र मनोविकारांच्या वॉर्डांतील हिंसेसंबंधी निरनिराळ्या देशांत झालेल्या ३५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दाखल रुग्णांपैकी सुमारे १७ टक्क्यांनी मुक्कामात निदान एकदा हिंसक कृती केली, असे त्यात आढळले. म्हणजे सर्वांत अस्वस्थ अशा वॉर्डांतही दर सहा रुग्णांपैकी पाच जणांनी कुणाला दुखापत करण्याचा प्रयत्नही केला नाही. हे अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत. तेथील आकडा आपल्या वॉर्डांना जसाच्या तसा लावणे बरोबर नाही, पण कल नक्की कळतो. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅकआर्थर अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. मनोरुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी ज्यांना दारू वा अमली पदार्थांचे व्यसन नव्हते, त्यांच्यातील हिंसेचे प्रमाण त्याच वस्तीतील व्यसन नसलेल्या इतर शेजाऱ्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. ‘वेडा म्हणजे मारकुटा’ हे समीकरण आपण चित्रपटांतून आणि पारावरच्या गप्पांतून उचलले आहे.

तरीही उरलेला सहावा रुग्ण खरा असतो आणि त्याने फेकलेल्या स्टीलच्या ताटाने फुटलेले परिचारिकेचे कपाळही खरे असते. तेव्हा कारणांकडे वळू.

आजारातून येणारा राग

काही आक्रमकता थेट आजाराची असते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कानात आवाज ऐकू येतात. कधी ते त्याला शिव्या देतात, कधी आज्ञा करतात. जेवणात विष कालवले आहे अशी ज्याची पक्की खात्री आहे, त्याच्या दृष्टीने ताट पुढे करणारा माणूस मारेकरी असतो. त्याने ताट उडवणे हा त्याच्या लेखी स्वसंरक्षणाचा उपाय होय. उन्मादाच्या अवस्थेत, म्हणजे मॅनियात, रुग्णाला झोप नको असते, आपल्या अंगी अचाट सामर्थ्य आल्याचे वाटते, आणि अशा वेळी कुणी साधे ‘खाली बसा’ म्हटले तरी तो अपमान ठरतो. औषधे लागू पडू लागली की ही तीव्रता ओसरते. म्हणूनच दाखल झाल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत जपण्याचे असतात.

दारूचा विषय मात्र सविस्तर सांगितला पाहिजे, कारण येथे घरचे लोक हमखास लपवाछपवी करतात. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली, की पहिल्या दिवसापासून हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. दोन-तीन दिवसांनी त्यातील काहींना भिंतीवर किडे, साप दिसू लागतात. ते दिशा-वेळेचे भान हरपतात, कपडे ओढतात, अंगावर धावून येतात. ही जिवावर बेतणारी अवस्था असते. डॉक्टरांना आधी ठाऊक असेल, तर योग्य औषधे आणि थायमिन वेळेवर देऊन ती बहुतांशी टाळता येते. पण दाखल करताना वडील सांगतात, ‘नाही हो, कधीमधी घेतो, सणासुदीला.’ तिसऱ्या रात्री वॉर्डात गोंधळ उडतो आणि नोंद होते ती ‘रुग्ण हिंसक’ अशी. शेवटचा घोट कधी आणि किती घेतला, ही माहिती अब्रूच्या भीतीने झाकून ठेवू नये. बिडी आणि तंबाखूचेही तसेच. दिवसाला दोन बंडल ओढणाऱ्याची बिडी फाटकाशीच काढून घेतली, तर सायंकाळपर्यंत त्याचा पारा चढणारच.

‘नाही’ कसे म्हटले जाते

आता जो भाग सर्वांत कमी बोलला जातो, त्याकडे येतो. इंग्लंडमधील संशोधकांनी वॉर्डांतील आक्रमक प्रसंगांच्या लगेच आधी काय घडले होते, हे पाहणाऱ्या ७१ अभ्यासांचा आढावा घेतला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत वारंवार आढळलेली पूर्वघटना होती कर्मचारी आणि रुग्ण यांच्यातील काहीतरी देवघेव, सुमारे ३९ टक्के. त्यातही रुग्णाच्या स्वातंत्र्यावर घातलेली मर्यादा, म्हणजे एखादी गोष्ट नाकारणे किंवा बाहेर जाण्यास मज्जाव करणे, हा मोठा भाग होता, सुमारे २५ टक्के.

याचे वॉर्डातले रूप अगदी साधे असते. रुग्ण सकाळी विचारतो, ‘घरी फोन लावून देता का?’ उत्तर मिळते, ‘नंतर.’ दुपारी पुन्हा विचारतो, तेव्हा पाळी बदललेली असते आणि नव्या माणसाला काहीच ठाऊक नसते. सायंकाळी कुणी मान वर न करताच हात हलवून त्याला घालवून देते. रात्री औषधाच्या रांगेत तो गोळ्यांची वाटी भिरकावतो. पाहणारा सांगतो, ‘काही कारण नसताना अचानक खवळला.’ त्याला सकाळचा फोन माहीत नसतो.

येथे कर्मचाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती खाटा असतात, हे आपण सर्व जाणतो. गर्दी, उकाडा, एकाच दूरचित्रवाणी संचाभोवती बसलेली तीस माणसे, दिवसभर करायला काहीच नाही आणि एकांत मिळेल असा कोपराही नाही, अशा जागेत निरोगी माणूसही चिडचिडा होईल. शिवाय मार खाल्लेला कर्मचारी पुढच्या रुग्णाकडे सावधपणे, तुटकपणे पाहू लागतो. त्या तुटकपणाने रुग्ण बिथरतो आणि चक्र फिरत राहते. पण हे चक्र थोड्या खर्चात सैल करता येते, याचा पुरावा आहे. लंडनमधील परिचर्याशास्त्राचे प्राध्यापक लेन बोअर्स यांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत मांडली. नकार द्यायचा तर कारण सांगून आणि पर्याय देऊन द्यावा. घरून वाईट बातमी आली तर ती कळताच रुग्णाजवळ कुणीतरी बसावे. कर्मचारी व रुग्ण यांना एकमेकांच्या आवडीनिवडी ठाऊक असाव्यात. भांडण झाले तर नंतर सर्वांना धीर द्यावा. अशा दहा साध्या गोष्टी त्यात आहेत. १५ रुग्णालयांतील ३१ वॉर्डांत त्याची चाचणी झाली. ज्या वॉर्डांत ही पद्धत राबवली, तेथे संघर्षाचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी आणि रुग्णाला बळाने आवरण्याचे प्रसंग सुमारे २६ टक्क्यांनी घटले. यासाठी यंत्र किंवा नवे औषध लागले नाही.

औषधानेच आलेली तळमळ

मनोविकारांवरील काही औषधांनी, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी, रुग्णाला एका जागी बसवत नाही. पायांत सतत वळवळ होते, तो येरझारा घालतो, उभ्या उभ्या पाय बदलतो, आतून पिंजल्यासारखे वाटते म्हणतो. वैद्यकीय भाषेत याला अ‍ॅकॅथिसिया म्हणतात. धोका असा, की पाहणाऱ्यास हा आजारच बळावल्यासारखा दिसतो. मग त्याच औषधाची मात्रा वाढवली जाते, तळमळ आणखी वाढते आणि अखेरीस तो कुणाला तरी ढकलून देतो. कधी औषध सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत मान एका बाजूला वाकडी होते, डोळे वर लागतात, जीभ जड होते. रुग्ण घाबरून आकांत करतो आणि घरचे म्हणतात, ‘बाहेरचे काही लागले.’ या दोन्ही त्रासांवर चांगले उतारे आहेत. काम एवढेच, की भेटायला गेल्यावर रुग्णाला ‘बरा आहेस ना’ विचारून थांबू नये. ‘पाय स्थिर राहतात का, बसवते का’ असे विचारावे आणि उत्तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

आपल्या उन्हाळ्याचाही येथे संबंध आहे. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील पाणी कमी झाले, तर ते औषध रक्तात साचते. मग हातांना जोराचा कंप, उलट्या, जुलाब, अडखळती चाल आणि बुद्धीचा गोंधळ दिसू लागतो. अशा रुग्णाला कुणी धरायला गेले तर तो झटापट करतो. त्याच्या रक्तातील लिथियमचे प्रमाण त्याच दिवशी तपासले पाहिजे.

घरापासून फाटकापर्यंत

आता तो प्रवास. रुग्ण तयार होत नाही म्हणून त्याला ‘शिर्डीला दर्शनाला जाऊ’ असे सांगून गाडीत बसवणे, ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. कधी त्याआधी भगताकडे मार आणि धुरी झालेली असते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही हे संपलेले नाही. मग हातपाय धोतराने बांधून आठ-दहा तासांचा रस्ता. पाणी नाही, कारण लघवीला सोडावे लागेल. फाटकाशी त्याला कळते, की ज्या माणसांवर अखेरचा विश्वास होता त्यांनीच फसवले. आत पाऊल टाकताना त्याच्या मनात जे असते, त्याला आपण सहज ‘हिंसक प्रवृत्ती’ असे नाव देतो. फसवून आणलेल्या रुग्णाचे पहिले दिवस अधिक खडतर जातात, हे मी अनेक कुटुंबांकडून ऐकले आहे. खरे सांगितल्यावर तो चिडेल, ओरडेल, कदाचित त्या दिवशी जाणारही नाही. तरीही खरेच सांगावे, असे माझे मत आहे. ज्याच्या शब्दाला तो मान देतो असा एखादा मामा किंवा जुने गुरुजी सोबत असले, तर पुष्कळ फरक पडतो.

कायदाही येथे मदतीस येतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. आणीबाणीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर रुग्णाला ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, अशी तरतूद त्यात आहे. रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. म्हणजे बांधून नेण्यापूर्वी जवळच्या डॉक्टरांना घरी बोलवावे, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे, किंवा १०८ ची रुग्णवाहिका मागवावी. शांत झालेला रुग्ण बसून जातो. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. तेथे मराठीतून बोलता येते, आणि रुग्णाचेच नव्हे तर थकलेल्या सोबत्याचेही ऐकून घेतले जाते.

दूरच्या रुग्णालयात आणखी एक अडचण येते, ती भाषेची. अमळनेर-साक्रीकडचा रुग्ण घाबरला की प्रमाण मराठी विसरून अहिराणीत बोलतो. ‘माले घर जानं शे’ एवढे कुणालाही समजेल, पण त्यापुढचे गाऱ्हाणे अर्धेच कळते, आणि कधी त्या बोलीला कुणी हसतेही. सातपुड्यातील पावरा किंवा भिल्ल रुग्णाचे तर शब्दही कुणाला कळत नाहीत. ज्याचे बोलणे कळत नाही, त्याच्याकडे शेवटी हातच उरतात. अशा वेळी दोन-चार आवश्यक शब्द, म्हणजे पाणी, लघवी, दुखणे, भीती यांचे, आपल्या बोलीतून देवनागरीत लिहून वॉर्डात द्यावेत.

वृद्ध रुग्ण

सत्तरीच्या आजी-आजोबांना ‘एकाएकी वेड लागले’ म्हणून मनोविकार विभागात आणतात, तेव्हा माझा पहिला संशय मनावर नसतो. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी होणे, आठवडाभराचे बद्धकोष्ठ, नवे झोपेचे औषध, यांपैकी कशानेही वृद्धांचा मेंदू काही तासांत गोंधळतो. या अवस्थेला डेलिरियम म्हणतात. दुपारी ओळख पटते, रात्री सून चोर वाटते आणि आजोबा काठी उगारतात. कारण सापडले तर हे बरे होते, आणि ते शोधणे हे तातडीचे काम आहे.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा अंघोळीच्या आणि कपडे बदलण्याच्या वेळी मारतो. त्याच्या बाजूने पाहा: एक अनोळखी माणूस मागून येतो, न बोलता साडी किंवा धोतर सोडू लागतो आणि अंगावर पाणी ओततो. समोरून येऊन, नाव घेऊन, ‘आक्का, आता पाय धुऊ या’ असे एकेक पायरी सांगत काम केले, की बहुतेक वेळा हात खालीच राहतो. भरती करताना चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी ‘हरवेल’ म्हणून घरी ठेवली जाते, तेही चुकीचे. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि चावता येत नाही, तो वॉर्डात शांत राहील ही अपेक्षाच अवाजवी आहे. वस्तूंवर नाव लिहून द्यावे.

बांधण्याविषयी

आईच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत आणि पंचवीसहून अधिक जण भाजून मृत्युमुखी पडले. आजचा कायदा कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास आणि एकट्याला कोंडून ठेवण्यास स्पष्ट मनाई करतो. शारीरिक बंधन घालायचे, तर ते रुग्णाला किंवा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा तोच एक मार्ग उरला असेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञांच्या अनुमतीने आणि गरजेपुरत्या वेळेसाठीच. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून ते घालता येत नाही. त्याची कारणांसह नोंद ठेवावी लागते आणि रुग्णाच्या प्रतिनिधीस २४ तासांच्या आत कळवावे लागते. तेव्हा दाखल करतानाच प्रतिनिधी कोण हे लेखी नोंदवा आणि चालू असलेला दूरध्वनी क्रमांक द्या. असा प्रसंग घडल्याचे कळले, तर ‘त्याने काय केले’ याबरोबरच ‘त्याआधी काय झाले होते’ हेही नम्रपणे विचारा.

दाखल करण्याच्या दिवशी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून परिचारिकेच्या हाती द्याव्यात, तोंडी सांगून भागत नाही: रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, तो कशाने भडकतो, भडकण्याआधी काय दिसते (मुठी वळणे, येरझारा, एकदम गप्प होणे), कशाने निवळतो, कोणती औषधे पूर्वी बाधली, दारू-तंबाखू किती. एका आजोबांविषयी त्यांच्या सुनेने लिहिले होते, ‘कोरा चहा दिला आणि कपाशीचा भाव विचारला की शांत होतात.’ वॉर्डातील मावशींनी तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

आणि रुग्णाला घरी सोडताना उलट दिशेने हेच मागून घ्यावे. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे असतातच. ‘येथे असताना तो किती वेळा, काय घडल्यावर खवळला आणि कशाने शांत झाला’ या दोन-तीन ओळीही डॉक्टरांना लिहून देण्याची विनंती करावी. त्या कार्डाची एक प्रत घरातील फाइलमध्ये आणि एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे असू द्यावी. पुढच्या वेळी मध्यरात्री त्यांना बोलावणे गेले, तर ते ती वाचूनच घराबाहेर पडतील.